नेमाण्णांच्या दाताखालचा मका

आमच्या शेजारच्या नेमाण्णांनी एकदा माझ्या नवऱ्याच्या गालाला कान लावला होता, आणि तोही भर लग्नात, जेवणाच्या पंगतीत.

लग्न माझ्या चुलतभावाचं. बुंदी वाढत वाढपी आमच्यापर्यंत पोचला होता. तेवढ्यात नेमाण्णा मागनं आले, खिशातनं मक्याचं एक कणीस काढलं, अंगठ्यानं दोन दाणे उकरले आणि आमच्या मालकांच्या तोंडापुढं धरून म्हणाले, "रंगराव, ह्यो चाव." मालक पडले गरीब स्वभावाचे. बुंदी बाजूला सारून त्यांनी दाणा दाढेखाली धरला, आणि अण्णांनी डोळे मिटून त्यांच्या गालाला कान टेकवला. सगळी पंगत हातातला घास हातात धरून बघत राहिली. नवरीकडची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पावण्यांच्यात तसली रीत असंल बाई." मी लाजेनं अर्धी झाले. अण्णांनी मात्र डोळे उघडले, "ओला हाय. चार दिस जाऊ देत," असं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं आणि कणीस खिशात घालून चालू लागले.

आता ह्याचं कारण सांगते, नाहीतर माणूस वेडा आहे असं वाटायचं. वेडा आहेच, पण कारण आहे.

मका मळायच्या आधी तो वाळलाय का ते बघावं लागतं. ओला मळला तर पोत्यात गरम होतो, बुरशी धरतो, सगळं मातेरं होतं. बघायचं कसं, तर दाणा चावून. वाळलेला दाणा कट्‌ करून फुटतो, ओला नुसता दबतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वाळला, अर्धा वाळला, वरनं वाळला नि आतनं ओला, सकाळी वाळला होता पण दुपारच्या ढगानं परत नरम झाला, असल्या बारीक गोष्टी कळाव्यात तर नेमाण्णांच्याच दाढेला. आणि त्या लग्नाच्या दिवशी होती चतुर्दशी. अण्णा जैन. चतुर्दशीला त्यांचा कडक उपास, पाण्याचा थेंबही मोजून. दाणा स्वतःच्या तोंडात घालायचा नाही, हे खरं. पण शेजाऱ्याच्या तोंडात घालून ऐकायला कुठल्या शास्त्रात बंदी आहे?

मळ्यात आमची दोनच घरं. एक आमचं, एक अण्णांचं, मध्ये एक बांध. गाव दीड-दोन किलोमीटरवर, वारणानगरच्या रस्त्याला. अण्णांची भावकी, त्यांची बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ, सगळं गावात. अण्णा मात्र पहिल्यापासनं मळ्यात. सत्तरी ओलांडली, अंगानं काटकुळे, पांढरी टोपी, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे कायम कणसांनी फुगलेले. त्यांच्याकडं मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याला रात्री कूस बदलताना अंथरुणात कणीस टोचलं, अशी एक गोष्ट आहे. मी ती खरी मानते.

अण्णांनी मका कधी सोलून पोत्यात भरला नाही. पोत्यात भरला की सोंडे किडे होणार, किडे झाले की गोळ्या टाकाव्या लागणार, आणि गोळ्या टाकल्या की किडे मरणार. "जीव हाय त्यात," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. मुंगीत जीव हाय, किड्यात हाय, उंदरात तर हायच हाय. म्हणून ते कणसं सालपटासकट ठेवतात. सालपट घट्ट असलं की किडा आत शिरत नाही, म्हणजे मारायचा प्रश्नच नाही. त्यासाठी त्यांनी अंगणात बांबूच्या कामट्यांचा एक पिंजरा बांधलाय. पुरुषभर उंच, हात पसरले की दोन्ही बाजू हाताला लागतील एवढा अरुंद, वारं आरपार जावं म्हणून. खाली चार लाकडी खांब, आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला मध्यावर एकेक परात पालथी ठोकलेली.

त्यातली एक परात माझी आहे. हळदीकुंकवाला दिली होती, ती परत आली नाही. मागायला गेले तर अण्णा म्हणाले, "आता भोक पाडलंय तिला. पुण्याच्या कामाला लागली, समज."

बरं, उंदरांना नुसतं अडवून थांबले असते तरी चाललं असतं. पण उपाशी उंदरांचा तळतळाट नको म्हणून अण्णा पंधरा-वीस कणसं पिंजऱ्यापासनं लांब, बांधाजवळ टाकायचे. "त्यांचा वाटा." वाटा कळल्यावर चारी शिवारातले उंदीर गोळा झाले, आणि बांध ओलांडला की आमचं घर. किड्यांचंही तेच. एखाद्या कणसात सोंडे निघालेच तर अण्णा कणीस उन्हात फडक्यावर झटकणार, किडे सुपात गोळा करणार, आणि सूप घेऊन चालत चालत येणार कुठं, तर आमच्या बांधावर. एकदा मी त्यांना रंगेहाथ धरलं.

"अण्णा, तुमची अहिंसा आमच्या मक्यात शिरायला लागली!"

"तुमच्यात येतंय ते तुमचं," अण्णा शांतपणे म्हणाले, "मी फक्त रस्ता दावला."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी भांडलेच, ते सोडा.

तरीपण मका दाखवायला सगळं शिवार त्यांच्याकडंच यायचं. सुगीत त्यांच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसायला जागा मिळायची नाही. ज्याच्या त्याच्या हातात आपापली तीन कणसं: एक ढिगाच्या वरचं, एक मधलं, एक तळातलं. फक्त वेळ सांभाळायला लागायची. दिवस मावळला की अण्णा काही खात नाहीत, आणि त्यांच्या हिशोबानं दाणा तोंडात गेला म्हणजे खाल्लाच. एकदा एकजण अंधार पडल्यावर आला नि हट्टालाच पेटला. "अण्णा, चावून थुकून टाका की! कुठं गिळायचाय?"

अण्णा म्हणाले, "तू बिडी वढतोस, धूर भाईर सोडतोस. म्हंजे तू बिडी वढलीच न्हाईस व्हय?"

तो गडी सकाळी परत आला.

मग पेठेतल्या मक्याच्या व्यापाऱ्यानं शाहूपुरीच्या बाजारातनं ओलावा मोजायचं मशीन आणलं. मूठभर दाणे घातले की आकडा दाखवतं. अण्णा स्वतः बघायला गेले. लोकांनी शर्यत लावली. पाच जणांचा मका, आधी अण्णांनी चावायचा, मग मशीनमध्ये घालायचा. पाचच्या पाच वेळा अण्णा बरोबर. ह्याला आणखी दोन उन्हं पायजेत, ह्यो भरायला हरकत न्हाई, ह्यो वरनं देखणा पण आतनं लबाड. अण्णा बोलायचे आणि मशीन त्यांच्या मागनं मान डोलवल्यासारखं तसाच आकडा काढायचं. व्यापारी चाटच पडला. म्हणाला, "अण्णा, दाढेला सेल कुठला घालता?"

"दूध-भाकरीचा," अण्णा म्हणाले. सगळी पेठ हसली, आणि अण्णा टोपी सारखी करत मळ्यात परत आले. त्या दिवशी त्यांच्या चालण्यात वेगळाच तोरा होता.

शर्यत जिंकली खरी, पण लोक गेले मशीनकडं. मशीन कागद काढून देतं, दाढेला कागद कुठला? आणि माल शेवटी पेठेतच न्यायचा, तर वाटेत मळ्यात कोण वळतो? पहिल्या वर्षी निम्मे आले, दुसऱ्या वर्षी चार-पाच. त्याच सुमाराला अण्णांची बायको पद्माक्का गेल्या. मुलगा बेंगळूरला, रविवारी फोन करतो. ह्या वर्षी सुगी आली तेव्हा अण्णांकडं कणसं घेऊन जाणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे मी. मी तरी कशाला जात होते? बांध ओलांडला की झालं, पेठेत जायचा हेलपाटा वाचतो, एवढ्यासाठी. दुसरं काही मनात नव्हतं, उगाच मोठेपणा कशाला घ्या?

आमचा मका म्हणजे दहा गुंठ्यांतला. कणसं मोडून सोप्यावर आणून टाकली, चांगली उन्हं दिली, आणि तीन कणसं घेऊन अण्णांकडं गेले. अण्णांनी दाणा चावला, डोळे मिटले, विचार केला.

"ओला हाय. चार दिस जाऊ देत."

मग चहा टाकला. स्वतः चहा पीत नाहीत, पण मला कपभर दिला. मग पद्माक्का लोणच्यात मेथी कशी भाजून घालायच्या ते सांगितलं, मग मुलाच्या नव्या घरात गॅलरी किती अरुंद आहे ते सांगितलं. तासभर गेला.

चार दिवसांनी परत गेले. "अजून ओला हाय. चार दिस जाऊ देत." चहा. ह्या वेळी दीड तास.

मधल्या दिवसांत ट्रॅक्टरवरचं मळणी मशीन आमच्या मळ्याकडं आलं. ड्रायव्हरनं स्वतः कणीस हातात घेऊन पिळलं. म्हणाला, "वैनी, खणखणीत वाळलाय की! टाकू का?" मी त्याच्यावरच उसळले. "तुला अण्णांपेक्षा जास्त कळतंय व्हय रं? ओला हाय म्हणालेत ते." तो बिचारा निघून गेला. आता दिवाळी झाल्यावरच इकडं फिरकणार म्हणाला.

तिसऱ्या खेपेलाही "ओला हाय." आणि त्यानंतर तिसऱ्या रात्री ढग जमले. परतीचा पाऊस आमच्याकडं सांगून येत नाही. सोप्यावरचा मका भिजला तर वर्षाचं सगळं पाण्यात. आमचे मालक कधी आवाज चढवत नाहीत, ते म्हणाले, "अगं, कणसं हातात घेतली की दाणे आपसूक गळायला लागलेत. कसला ओला?" सकाळी ते मूठभर दाणे घेऊन पेठेत गेले. मशीननं सांगितलं, मका वाळून कोळ झालाय.

मी चुलीपुढं बसून विचार केला. मशीन चुकलं म्हणावं, तर ते पाच वेळा बरोबर निघालेलं. अण्णांची दाढ चुकली म्हणावं, तर तीही पाच वेळा बरोबर निघालेली. दोघंही चुकत नाहीत. म्हणजे अण्णा खोटं बोलले! किड्याला सुपातनं बांधावर पोचवणारा माणूस माझ्याशी तीनदा, तोंडावर, खोटं बोलला. माझ्या डोक्यात असली तिडीक गेली की चुलीवरचं दूध तसंच ठेवून मी पदर खोचला आणि बांध ओलांडला.

अण्णा सोप्यावर होते. सोपा झाडून काढलेला. धुतलेली टोपी, धुतलेला सदरा. दोन पाट समोरासमोर मांडलेले, आणि आत चहाचं भांडं चुलीवर. मी म्हटलं नव्हतं येते म्हणून, पण चौथा दिवस होता ना. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की रोज आमच्याकडनं पावशेर दूध नेणारे अण्णा आज सकाळी अर्धा लिटर घेऊन गेले होते. पण राग आधी निघाला होता, तो कुठला थांबतोय?

मी कणीस त्यांच्यापुढं धरलं. "चावा."

अण्णांनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्‌! मला दोन हातांवरनं ऐकू आलं, गालाला कान लावायची गरजच पडली नाही.

"ओला..." अण्णा म्हणायला लागले.

"अण्णा!"

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वाळलाय."

"कवाधरनं?"

"पैल्या दिसाधरनं."

"मग खोटं का बोललासा? मुंगीला वाट देता, उंदराला वाटा देता, आणि मला तीनदा फसवलासा? मी काय किड्यापेक्षाबी गेले?"

अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. हातातल्या कणसाची केसं एकेक ओढून काढत होते. म्हणाले, "वाळलाय म्हटलं असतं, तर तू परत आली असतीस काय?"

  नसते आले. मका पोत्यात भरला असता, आणि पुढच्या सुगीपर्यंत त्यांच्या दारात उभीही राहिले नसते.

"पद्मा असताना माणसं इतकी यायची, चहा करून ती वैतागायची," अण्णा म्हणाले. "म्हणायची, एकदाचं सगळ्यांस्नी वाळलाय म्हणून सांगा की! ओला हाय म्हटलं की माणूस परत येतंय, सुनंदा. वाळलाय म्हटलं की जातंय."

 मी अशी आहे की वाईट वाटलं की तोंड आणखी सुटतं. "अहो, मग 'ये गं बसायला' म्हणायचं की सरळ! त्यासाठी माझा मका कशाला ओला केलासा? मळणीचं मशीन दारात आल्तं, परत धाडलं मी!"

अण्णांनी मान वर केली. "मशीन आल्तं?"

"आल्तं. वाळलाय म्हणत होता त्यो. अण्णा ओला म्हणालेत, म्हणून हाकललं त्याला."

"माझ्या शब्दावर?"

"मग कुणाच्या?"

अण्णा उठून उभे राहिले.  इतका वेळ मी ओरडले त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण ह्याचं वाटलं. आपल्या एका शब्दावर कुणीतरी दारातलं मशीन परत पाठवतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना वाटत होतं आपण नुसते चहाला लांबवतोय. ते म्हणाले, "मी मळून देतो. हातानं. सगळा. प्रायश्चित्त समज."

"एकट्यानं मळत बसलासा तर पुढचा मका येईल. व्हा बाजूला."

दुपारपर्यंत आमच्या मालकांनी सगळी कणसं अण्णांच्या सोप्यावर आणून ओतली. त्यांचा सोपा आमच्यापेक्षा उंच आणि पक्का, वळवाचा बाप आला तरी पाणी शिरायचं नाही. मी आणि अण्णा समोरासमोर बसलो. अण्णांकडं हातात धरायचं एक लोखंडी कडं आहे, आतनं दाते असलेलं. कणीस त्यात घालून पिळलं की दाणे भराभर सुटतात. ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः नुसत्या अंगठ्यानं बसले. आणि मग काय, मास्तरकी सुरू! "बुडाकडनं धर. असं न्हवं, उजवीकडं पीळ. कणसाला मारू नको, फिरव." मी म्हटलं, "प्रायश्चित्त तुमचं हाय का माझं?" तर म्हणाले, "काम दोघांचं, चूक माझी." मधेच एक सोंडा निघाला. अण्णा तो तळहातावर घेऊन उठले, आमच्या बांधाकडं दोन पावलं टाकली, मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं उलट्या दिशेला, स्वतःच्या उसात सोडून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पाऊस आला, तासभर कोसळला आणि गेला. निम्मं पोतंही झालं नव्हतं. ऊन कलायला लागलं तसे अण्णा हात झटकून उठले. "माझी जेवायची वेळ झाली. तू जा आता, धारंची वेळ झाली तुझी."

मी पाणी प्यायला म्हणून मागोमाग आत गेले. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना कधी जेवताना बघितलं नव्हतं. बघणार कशी? दिवस मावळायच्या आत ते जेवतात तेव्हा मी गोठ्यात असते, आणि आम्ही नऊला जेवतो तेव्हा ते निजलेले असतात. पद्माक्का गेल्या तेव्हापासनं ह्या मळ्यात त्यांच्या वेळेला ताटावर बसणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. भिंतीकडं तोंड करून एक ताट मांडलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"अण्णा, मलाबी वाढा."

"आत्ता? एवढ्या लवकर तुला भूक कुठली?"

"दुपारधरनं मका पिळतोय, भूक लागणार न्हाई व्हय? धार मालक काढतील."

भूक कसली, दोनला तर भाकरी खाल्ली होती. अण्णांनी मग फळीवरनं दुसरं ताट काढलं. त्याच्यावर पद्माक्कांचं नाव कोरलेलं होतं. धुरळा बसला होता. त्यांनी ते धुतलं, पुसलं, परत एकदा पुसलं, आणि माझ्यापुढं ठेवलं. मग स्वतःचं ताट उचलून भिंतीकडनं माझ्याकडं तोंड करून बसले.

भाकरी जाड, एका बाजूनं करपलेली. भातावर आमटी वाढली. मी पहिला घास घेतला. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच.

"कशी झालीया?" अण्णांनी विचारलं. हातातला घास तसाच धरून ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"लई झ्याक," मी म्हटलं. "पद्माक्कांच्या हातची आठवण झाली."

अण्णांनी एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि माझ्याकडं बघितलं.

"खोटं बोलायलीस तू."

"व्हय," मी म्हटलं आणि ताट पुढं केलं. "वाढा अजून थोडी."